कॉम्प्युटर वापरता येतो पण त्यातले इंग्लिश शब्द बोलता येत नाहीत, कोणी साध्या भाषेत सांगेल का

द्राक्षबाग_पिंपळगाव

नमस्कार सगळ्यांना. मी मूळची पिंपळगाव बसवंतची, सध्या सिडकोत भाड्याने राहते, अंबडला एका कंपनीत ऑफिस असिस्टंट म्हणून लागून चार महिने झालेत. शाळा पूर्ण मराठी मिडियम. एमएससीआयटी केलंय, एक्सेल येतं, टॅली येतं, हाताला काही अडत नाही, पण फोनवर कोणी इंग्लिशमधे विचारलं की काय बिघडलंय तर माझी बोबडी वळते.

परवा काय झालं, सकाळपासून कॉम्प्युटर हँग होत होता आणि प्रिंट भलत्याच मजल्यावर निघत होती, म्हणून हेड ऑफिसच्या आयटीवाल्या सरांना फोन लावला आणि म्हटलं सर माय कॉम्प्युटर इज हँग्ड सिन्स मॉर्निंग. ते म्हणाले हू हँग्ड इट? आणि मागे दोन-तीन जण हसले. मग म्हणाले क्लिअर युअर कॅश. मी म्हटलं सर पेटी कॅश इज विथ अकाउंट्स मॅडम. आता तुम्हीपण हसा, चालेल. नंतर ते डिफॉल्ट प्रिंटर काहीतरी बोलले, तर आमच्या घरात डिफॉल्ट हा शब्द फक्त सोसायटीचं कर्ज थकलं की ऐकलेला, त्यामुळे माझ्या पोटात उगाच गोळा आला.

घरी येऊन डिक्शनरी काढली तर अजून गोंधळ. डिफॉल्ट म्हणजे कसूर, पोर्ट म्हणजे बंदर, होस्ट म्हणजे यजमान, बूट म्हणजे बूटच. यातून काय समजायचं माणसाने? मला पाठांतराची लिस्ट नकोय, ती क्लासमधे झाली. हे शब्द असे का आहेत आणि वाक्यात कसे बोलायचे ते कोणी सांगितलं तर बरं होईल.

दुरुस्तीवाला_शरणपूर_रोड

ताई पहिले तर मनाला लावून घेऊ नका, माझ्याकडे दुकानात इंजिनियर झालेली पोरं येऊन कॅशला कॅचे म्हणतात, कॅशे म्हणतात, तुम्ही निदान उच्चार तरी बरोबर ऐकलात. हा शब्द पैशाच्या कॅशसारखाच बोलतात पण स्पेलिंग वेगळं आणि मूळही वेगळं, फ्रेंचमधून आलाय, लपवून ठेवणे असा त्याचा अर्थ. आता तुमच्या घरचं बघा, वर्षाची हळद, तिखट, मोहरी सांदीत डब्यात भरलेली असते, पण रोज फोडणीला आई तिथे जाते का, नाही, ओट्यावर मिसळणाचा डबा असतो त्यातून घेते. तो मिसळणाचा डबा म्हणजे कॅश. ब्राउजर एकदा बघितलेल्या साइटचे फोटोबिटो जवळ ठेवून घेतो म्हणजे पुढच्या वेळी लांबून आणायला नको. कधीकधी त्या डब्यातलं जुनं झालेलं असतं, साइट बदलली तरी तुम्हाला जुनंच दिसतं, म्हणून आयटीवाला सांगतो क्लिअर द कॅश, म्हणजे डबा रिकामा करून धुवा, परत भरेल आपोआप. सांदीतलं काही जात नाही, तुमच्या फाइली शाबूत राहतात. फक्त एक बघायचं, त्याच खिडकीत खाली कुकीज आणि पासवर्डचीपण टिक असते. कुकीज म्हणजे साइटने तुम्हाला ओळखायला ठेवलेल्या चिठ्ठ्या, त्या उडवल्या तर सगळीकडे परत लॉग इन करावं लागतं, आणि पासवर्डची टिक चुकून राहिली तर मग रडत माझ्याकडेच येतात लोक.

डिफॉल्टचं सांगतो, तुमचं कर्जाचं उदाहरणच धरू. दोन्हीकडे मूळ गोष्ट एकच, करायचं होतं ते केलं नाही. हप्ता भरायचा होता, भरला नाही, डिफॉल्टर. कबड्डीत समोरची टीम आलीच नाही तर आपण जिंकलो, ते विन बाय डिफॉल्ट. आणि कॉम्प्युटरमधे तुम्ही प्रिंटर निवडायचा होता, निवडला नाही, मग मशीन स्वतःच जो धरतं तो डिफॉल्ट प्रिंटर. मिसळवाल्याला तुम्ही काही बोलला नाहीत तर तो मध्यम तर्री टाकून आणतो ना, तसं. वाक्य असं बोला, बाय डिफॉल्ट इट इज प्रिंटिंग ऑन द सेकंड फ्लोअर, प्लीज चेंज द डिफॉल्ट प्रिंटर. संपलं.

बूटपण तुम्ही बरोबरच वाचलंत, तो पायातलाच बूट आहे. जुन्या उंच बुटांना मागे एक पट्टी असायची ओढून चढवायला, तिला बूटस्ट्रॅप म्हणतात, आणि स्वतःच्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला वर उचलणे अशी इंग्लिशमधे म्हण आहे, म्हणजे अशक्य काम. कॉम्प्युटरपुढे हाच पेच असतो, कुठलाही प्रोग्रॅम चालवायचा तर आधी तो मेमरीत आणणारा दुसरा प्रोग्रॅम पाहिजे, मग त्या दुसऱ्याला कोण आणणार? म्हणून बोर्डवरच्या चिपमधे एक छोटासा प्रोग्रॅम कायमचा भरून ठेवतात, तो उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. या उठण्याला बूट होणे म्हणतात. इट इज नॉट बूटिंग म्हटलंत की मला दुकानात बसून कळतं की लाइट येतेय पण विंडोज येत नाहीये, आणि इट इज नॉट टर्निंग ऑन म्हटलंत तर कळतं की लाइटच नाही. या दोन वाक्यांत फरक केलात तरी आयटीवाल्याचे अर्धा तास वाचतात.

आणि एक शब्द जपून वापरा, फॉरमॅट. माझ्याकडे एक गिऱ्हाइक आलं होतं, त्यांच्या साहेबांनी नवीन पोराला सांगितलं या पेन ड्राइव्हमधलं लेटर नीट फॉरमॅट करून आण, म्हणजे समास, फॉन्ट वगैरे. पोराने पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून आणला. स्वच्छ, कोरा. क्विक फॉरमॅट मारला होता आणि वरून काही कॉपी केलं नव्हतं म्हणून डेटा काढता आला मला, कारण क्विकमधे फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच असतात. फॉरमॅट द लेटर आणि फॉरमॅट द ड्राइव्ह, पुढचा शब्द ऐकल्याशिवाय हात चालवायचा नाही.

तर्री_जास्त

सर्व्हरचं मी सांगतो. सर्व्हर म्हणजे वाढपी, मागितलेली माहिती पुरवणारा कॉम्प्युटर, आणि क्लायंट म्हणजे टेबलावर बसलेलं गिऱ्हाइक, माहिती मागणारा आपला कॉम्प्युटर. आता सातबारा काढायला गेल्यावर खिडकीतून "सर्व्हर डाऊन आहे" ऐकलं की डोळ्यासमोर आणा, वाढपी आडवा पडलाय आणि आपण सगळे पाव धरून बसलोय.

खिळेजुळारी

मुलीचा प्रश्न आवडला म्हणून लिहितो आहे, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. नाशकात प्रेस म्हटलं की लोकांना नाशिकरोडचा नोटांचा प्रेसच आठवतो, १९२८ पासून तिथे नोटा छापतात, पण मी तिथला नाही. मी १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलो आणि रविवार कारंजाजवळ एका छोट्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला लागलो. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. नंतर टाइपरायटर शिकलो, नंतर नातवाने कॉम्प्युटर दिला, आणि बसून बघतो तर काय, सगळी आमचीच अवजारं आत!

फॉन्ट म्हणजे काय, तर ओतलेला. शिसं वितळवून साच्यात ओतायचं, त्याचा खिळा तयार. एका मापाच्या, एका वळणाच्या खिळ्यांचा पूर्ण संच तो फॉन्ट, फ्रेंच भाषेत वितळवणे याला जो शब्द आहे त्यातून आला. हे खिळे लाकडी खणांच्या पेटीत असत, त्या पेटीला आम्हीपण केसच म्हणायचो. इंग्रजीच्या दोन केस घोडीवर, म्हणजे स्टँडवर, एकावर एक मांडायच्या, मोठ्या लिपीची अक्षरं वरच्या केसमधे, छोटी खालच्या केसमधे, कारण छोटी जास्त लागतात, हाताजवळ हवीत. म्हणून अपर केस आणि लोअर केस. आता तुमचा पासवर्ड सांगतो की एक तरी अक्षर अपर केस पाहिजे, तेव्हा मला ती वरची पेटी दिसते. मराठीत हा प्रकारच नाही, पण काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं मिळून खणच इतके की दोन पेट्यांत भागायचंच नाही, जुळाऱ्याला पाऊल इकडे पाऊल तिकडे करावं लागायचं. ओळी मोकळ्या दिसाव्यात म्हणून मधे शिशाच्या पट्ट्या घालायचो. डीटीपीवाले ओळींच्या अंतराला आजपण लेडिंग म्हणतात, ते लीडिंग नाही, लेड म्हणजे शिसं, त्यावरून लेडिंग.

आता कीबोर्ड घे. शिफ्ट म्हणजे सरकवणे, आणि टाइपरायटरवर खरंच सरकायचं, दाबलं की आतला पूर्ण भाग वर किंवा खाली व्हायचा तेव्हा एकाच दांडीवरचं मोठं अक्षर उमटायचं, करंगळी दुखून यायची. टॅब म्हणजे टॅब्युलेटर, बिलातले आकडे एकाखाली एक यावेत म्हणून खुंट्या लावून ठेवायच्या आणि कळ दाबली की कागद धरलेली गाडी थेट खुंटीपाशी. ओळ संपली की दांडा ओढून गाडी परत सुरुवातीला आणायची, ते रिटर्न, त्याचं आता एंटर झालं, काही कीबोर्डवर अजून रिटर्नच लिहिलेलं असतं. बॅकस्पेस मात्र बदलला बाई. आमच्यावेळी तो फक्त एक घर मागे न्यायचा, पुसायचा नाही. चूक झाली की झाली, रबराने खोडायचं किंवा पान फाडायचं.

आणि ईमेलवर सीसी असतं ना, ती कार्बन कॉपी. दोन कागदांत कार्बन घालून ठोकायचं. चौथी-पाचवी प्रत पुसट यायची. ज्याला सीसीत घातलंय त्याने उत्तर द्यायचं नसतं, त्याला फक्त माहिती म्हणून प्रत. बीसीसी म्हणजे अशी प्रत जी दिली हे बाकीच्यांना कळत नाही. ऑफिसात ही पट्टी जपून वापर, भांडणं लागतात तिच्यामुळे.

द्राक्षबाग_पिंपळगाव

काका काय लिहिलंय तुम्ही! मी शिफ्ट रोज हजारदा दाबते, कधी डोक्यात आलं नाही की कोणीतरी काहीतरी सरकवत होतं. पण मला अजून ते हँग्डचं कोणी सांगितलं नाही, ते सर का हसले?

इंग्रजीची_बाई

ते मी सांगते, वीस वर्षं हेच करतेय. हँग या क्रियापदाची दोन भूतकाळी रूपं आहेत. कपडे वाळत घातले, फोटो टांगला, तिथे हंग. हँग्ड हे रूप फक्त माणसाला फाशी दिली तर वापरतात. म्हणजे तुम्ही सरांना सांगितलंत की माझ्या कॉम्प्युटरला सकाळी फाशी झाली, आणि त्यांनी विचारलं कोणी दिली. हसणं वाईटच, पण विनोद समजला तर तो परत होणार नाही. म्हणायचं माय कॉम्प्युटर हॅज हंग, किंवा त्याहून सोपं, माय कॉम्प्युटर हॅज फ्रोझन, गोठला. सकाळपासून सारखं होत असेल तर इट हॅज बीन फ्रीझिंग सिन्स धिस मॉर्निंग. सिन्स आलं की इज नको, हॅज बीन, एवढं एक धरून ठेवा.

आपल्याकडच्या ऑफिसांत आणखी काही प्रकार कानाला टोचतात. सॉफ्टवेअर्स. सॉफ्टवेअर हे दूध-पाण्यासारखं आहे, त्याचं अनेकवचन होत नाही, मोजायचं असेल तर टू प्रोग्रॅम्स म्हणा. तेच हार्डवेअरचं. मग अपडेशन. हा शब्द आपल्याच देशात जन्मला, अपडेट हेच नाम आणि अपडेट हेच क्रियापद, शेपूट लावायची गरज नाही. अपडेट आणि अपग्रेडमधे पण गल्लत होते, घराला डागडुजी करून रंग दिला ते अपडेट, वर मजला चढवला ते अपग्रेड. रिव्हर्ट तर विचारूच नका, प्लीज रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या असं आपण लिहितो, आणि भारतात चालून जातं, पण कॉम्प्युटरच्या माणसाला रिव्हर्ट म्हणजे आधी होतं तसं परत करा. एखाद्या फाइलबद्दल मेल लिहून शेवटी प्लीज रिव्हर्ट लिहिलंत आणि त्याने तुमचं आठवड्याचं काम मागे फिरवलं तर दोष कोणाचा? रिप्लाय लिहा.

आणि कॉम्प्युटर ओपन करू नका. ओपन द कॉम्प्युटर म्हणजे स्क्रू काढून उघडणे. टर्न ऑन किंवा स्विच ऑन.

लॉग इन, बॅक अप, सेट अप हे शब्द क्रिया सांगताना तोडून लिहायचे आणि वस्तू सांगताना जोडून. आय बॅक्ड अप द फाइल्स, पण द बॅकअप इज रेडी. एकदा हे ध्यानात आलं की बॅकअप्ड असं कधी लिहिणार नाही तुम्ही. लॉगची गंमत अशी की तो खरा ओंडका आहे. जुन्या जहाजांवर वेग मोजायला दोरी बांधून लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचे, किती दोरी सुटली ते बघायचे आणि वहीत नोंदवायचे, ती लॉगबुक. नोंद करून आत शिरणे, लॉग इन.

पंचवटीकर

वहीवरून आठवलं, आमच्या घरात तीर्थोपाध्येपण आहे, आजोबांच्या वेळच्या नामावळीच्या वह्या अजून आहेत. मी स्वतः सॉफ्टवेअरमधे काम करतो आणि ज्युनियर पोरांना डेटाबेस शिकवताना याच वह्या सांगतो. यात्रेकरू दारात आला की आजोबा आधी नाव विचारायचेच नाहीत, आधी गाव, मग आडनाव. कारण वही गावाप्रमाणे लावलेली, म्हणजे गाव हा इंडेक्स. एका कुटुंबाची नोंद म्हणजे रेकॉर्ड, त्यातलं नाव, वडिलांचं नाव, कोण कधी येऊन गेलं हे एकेक खण म्हणजे फील्ड, आणि "आमचे पणजोबा आले होते का" हा प्रश्न म्हणजे क्वेरी. गाव माहीत असेल तर पान दोन मिनिटांत सापडतं, नाही तर पूर्ण कपाट उपसा. एखाद्याचं एक्सेल स्लो चालतं तेव्हा कधीकधी हे कपाट उपसणंच चालू असतं.

तर्री_जास्त

आणि बग म्हणजे किडा, अमेरिकेत कॉम्प्युटरमधे खरा पतंग सापडला त्यावरून नाव पडलं, हे मला माहितेय.

इंग्रजीची_बाई

अर्धं बरोबर. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू मशीनमधे रिलेत पतंग सापडला हे खरं, त्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला. पण खाली लिहिलं काय, फर्स्ट अ‍ॅक्चुअल केस ऑफ बग बीइंग फाउंड, म्हणजे खराखुरा किडा सापडल्याची पहिली वेळ. नाव आधीपासून होतं म्हणून तर त्यांना गंमत वाटली ना? एडिसनच्या १८७८ च्या पत्रात यंत्रातल्या बारीक दोषांना बग म्हटलेलं आहे.

तर्री_जास्त

बाई शाळेतपण मला असंच करायच्या 😀

मेरी_लिंक_रोड

विषय निघालाच आहे तर माझं पण सांगा, घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं आणि डाऊनलोडला १२ च्या वर काही दिसत नाही, मी केबलवाल्याशी दोनदा भांडून आलो.

दुरुस्तीवाला_शरणपूर_रोड

दादा जाऊन सॉरी म्हणा त्याला. कनेक्शनचं माप बिटमधे असतं आणि फाइलचं माप बाइटमधे, आठ बिटचा एक बाइट, १०० ला आठने भागा, साडेबारा. बिट छोट्या बी ने लिहितात, बाइट मोठ्या बी ने, जाहिरातीत तेवढं बघत कोण. बाइटचं मूळ स्पेलिंग चावा घेणे या शब्दाचंच होतं, पण चुकून बिट वाचलं जाईल म्हणून मधे वाय घातला. तसंच ५०० जीबीची हार्ड डिस्क विंडोजमधे ४६५ दिसते, तीपण कोणी चोरलेली नसते, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. दिवाळीत या एका प्रश्नासाठी किमान दहा लोक माझ्याशी भांडतात.

द्राक्षबाग_पिंपळगाव

आज परत फोन केला बरं का, मुद्दाम. म्हटलं सर माय कॉम्प्युटर हॅज फ्रोझन अगेन, आय हॅव क्लिअर्ड द कॅश, अँड बाय डिफॉल्ट इट इज प्रिंटिंग ऑन द सेकंड फ्लोअर. दोन सेकंद तिकडून आवाजच नाही. मग म्हणाले ओके मॅडम. मॅडम म्हणाले!! काका, बाई, दादा, सगळ्यांना पिंपळगावची द्राक्षं लागू झाली, सीझनला या.

पण मग ते म्हणाले प्लीज रेझ अ टिकेट, आणि मी परत गार. कसलं तिकीट, कुठून काढायचं?

दुरुस्तीवाला_शरणपूर_रोड

हाहा. दवाखान्यात केसपेपर काढतो ना आपण, तसं ते. कंपनीच्या हेल्पडेस्कच्या पानावर तक्रार लिहायची, तिला नंबर मिळतो, तो नंबर म्हणजे टिकेट. काम चालू असेपर्यंत ओपन, झालं की क्लोज्ड. नंबर वहीत लिहून ठेवा, आणि समोरून कितीही गोड आवाजात कॅन वी क्लोज द टिकेट विचारलं तरी प्रिंट तुमच्या मजल्यावर निघून हातात येईपर्यंत नॉट येट सर म्हणायचं.